चित्रातला काळा खडा

सोळाव्या शतकातल्या युरोपीय व्यक्तिचित्रांमधल्या अंगठ्या पाहताना पहिली फसगत रंगात होते. चौकोनी काळा खडा दिसला की लोक म्हणतात, अकीक असेल. बहुतेक वेळा तो हिरा असतो! त्या काळी हिऱ्याच्या अष्टफलक स्फटिकाचं टोक घासून वर एक सपाट चौकोन काढत. आजच्यासारखे पैलू नसल्यामुळे आतून प्रकाश फारसा परत येत नसे. शिवाय कोंदण मागून बंद. माणकामागे किंवा पाचूमागे चकचकीत पत्रा, आपले जुने सोनार ज्याला डाक म्हणत, तो ठेवायचे. हिऱ्यामागे मात्र दिव्याच्या काजळाचा लेप द्यायचे. सोनार बेन्वेनुतो चेल्लिनीने ही रीत लिहून ठेवली आहे. चित्रकार जे दिसलं तेच रंगवत होता: काळा चौकोन, कडेला पांढरी रेघ.

इतर रंगांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. निळ्या काचेची पूड केलेला रंग तेलात कालांतराने करडा पडतो, तांब्यापासूनचा पारदर्शक हिरवा तपकिरी होतो. आज मळकट दिसणारा खडा कदाचित पाचू असेल.

आता बोटं. अंगठी बोटाच्या मुळाशीच हवी, हा आग्रह तेव्हा नव्हता. एकाच बोटात दोन अंगठ्या, एक मुळाशी आणि दुसरी मधल्या पेरावर, ही सर्रास दिसणारी गोष्ट. मधल्या पेरावरची अंगठी घेराने लहान घडवावी लागे. सांध्याखाली ती उतरत नाही. अंगठ्यातही अंगठी असे. त्यामुळे अनामिका दिसली की लगेच ‘लग्नाची अंगठी’ म्हणणं घाईचं. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकाने वधूच्या डाव्या हाताचं चौथं बोट ठरवून दिलं, अंगठा धरून चौथं, म्हणजे अनामिकाच. पण नियम लग्नविधीचा होता. पुढे आयुष्यभर कोणत्या बोटात काय घालायचं, ते ज्याचं त्याने ठरवलं.

हातमोज्यांची अडचण वेगळी. चित्रकार लुकास क्रानाखचं सुमारे 1530 चं, आज न्यूयॉर्कमध्ये असलेलं ‘जुडिथ’ हे चित्र पाहा. विषय बायबलमधला, पोशाख जर्मनीतल्या सॅक्सनीच्या दरबारी स्त्रीचा. हातमोज्याच्या बोटांना चिरा दिल्या आहेत, आत घातलेल्या अंगठ्यांना वाव मिळावा म्हणून. चामड्याखाली उंच कोंदण फुगतं आणि शिवण ताणते. वरून घालायची तर घेर मोठा हवा, मग मोजा काढला की तीच अंगठी सैल. चीर हा त्यावरचा खर्चिक तोडगा. मला तर त्यात निव्वळ मिरवणंही दिसतं.

याउलट हान्स होल्बाइनने 1538 मध्ये रंगवलेली डेन्मार्कची राजकन्या क्रिस्तिना. विधवा, अंगभर काळे कपडे, मोजे काढून हातात धरलेले आणि बोटात लाल खड्याची अंगठी. तिच्यासाठी होल्बाइनला ब्रसेल्समध्ये तीनच तास मिळाले होते.

आणि डावा-उजवा हात ठरवण्याआधी, समोर मूळ चित्र आहे की त्यावरून केलेलं खोदचित्र, ते तपासा. ठशावरून छापताना प्रतिमा उलटते. पुरुषाची तलवार उजव्या कमरेला दिसली, तर अंगठीचा हातही बहुधा उलटलेला असतो.