म्हणीतला हिशेब

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ही म्हण ऐकून आपण हसतो आणि पुढे जातो. पण एकदा बेरीज करून पाहा. चार नि बारा, सोळा आणे. बरोबर एक रुपया! आकडे उगाच घातलेले नाहीत. रुपया मोडला, पावली कोंबडीला गेली आणि उरलेला सगळा वाटणात. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० पैसे झाले. २०११ मध्ये २५ पैशांचं नाणंही चलनातून गेलं. ज्यांनी आणा कधी पाहिला नाही, ती मुलंही ही म्हण बिनचूक वापरतात.

म्हणींमधलं हे नेमकेपण मला फार आवडतं.

हा भात पाहा, चुलीवर रटरटतोय. झाकण सरकवून एक शीत उचललं, दोन बोटांत दाबलं. मधे कणी लागली, म्हणजे अजून थोडा वेळ. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण तांदूळ एक, पाणी एक, आच एक. आंब्याच्या पेटीला हे लागू नाही. वरचा गोड निघाला म्हणून तळाचा निघेलच असं नाही. म्हण करणाऱ्याने भातच निवडला, यात त्याचं सारं शहाणपण आहे.

आता माळावरचा हा पळस. एका देठावर तीन पानं. या झाडाचं, त्या झाडाचं, शेजारच्या गावातल्या झाडाचं, तीनच. कुठेही जा, पळसाला पाने तीनच. ज्या हातांनी पत्रावळी लावल्या, त्या हातांखालून अशी किती पानं गेली असतील!

आणि आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. जात्याची घरघर एकदा कानांत आणा, मग कळतं की चाटण्याचा आवाज त्या घरघरीत बुडतो. दळणाऱ्याला दिसत नाही, आणि ऐकूही येत नाही.

कधी कधी तर क्रियापदही लागत नाही. दुरून डोंगर साजरे. तीन शब्द, आणि निळसर सह्याद्री डोळ्यांपुढे उभा. यातला ‘साजरा’, म्हणजे सुंदर, पुण्या-मुंबईच्या बोलण्यात आता फक्त वाढदिवसापुरता उरलाय, तोही वेगळ्या अर्थाने. वऱ्हाडात मात्र अजूनही चांगल्या गोष्टीला साजरी म्हणतात. तिथल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

खरी मजा मात्र चारचौघांत. संध्याकाळची ओसरी, चहाचे कप, कुणाची तरी सबब चाललेली. कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज येतो, “नाचता येईना...”

आणि सगळी ओसरी एकदम म्हणते, “अंगण वाकडं!”