व्हिनेगर आणि लोखंडाचा घरगुती स्टेन: तुमचं लाकूड काळं का होत नाहीये?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, घासणी आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवली, लाकूड होतं तसंच आहे." तर आज फक्त त्यावर बोलू.

लाकडाला काळा रंग देणाऱ्या या स्टेनची कृती तुम्हाला माहीतच आहे. लाकूड 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, कडक कोरा चहा फासायचा, तो वाळला की वरून लोखंड भिजवलेलं व्हिनेगर. बस.

आता ते लोखंड. भांडी घासायची चकचकीत घासणी स्टेनलेस स्टीलची असते. त्यात क्रोमियम असतं, म्हणून ती गंजत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या सिंकमध्ये पडून राहिली तरी जिला डाग पडत नाही, ती व्हिनेगरमध्ये काय विरघळणार?

एकांनी लिहिलंय, "चुंबक चिकटतं, म्हणजे लोखंडच." नाही हो! काही प्रकारच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं. त्यापेक्षा ती घासणी ओली करून रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला, तरच व्हिनेगरमध्ये घाला.

खरं तर घासणीचा नादच सोडा. मुंबईत नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानात स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता) मागा आणि त्याला तेलाचा हात असतो, म्हणून आधी साबणाने धुवा. नाहीतर साधे लोखंडी खिळे चालतील. गॅल्वनाइज्ड नकोत, त्यांच्यावर जस्ताचा थर असतो. आणि कृपा करून बरणीचं झाकण घट्ट लावू नका. आत हायड्रोजन तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना? इथेही तेच घडतं. आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, आणि लोखंड यांचा मिळून काळा रंग होतो. माझी आजी मोरावळ्याला कढई कधीच घेऊ द्यायची नाही, पितळेचं कल्हईचं पातेलंच लागायचं. बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर. तिच्या सालीने तर कातडी कमावतात. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनमध्ये ते फार कमी, म्हणून आधी चहा फासायचा, त्यातलं टॅनिन लाकडाला मिळतं. बरणीतलं पाणी फिकट दिसलं म्हणून ओतून देऊ नका, रंग लाकडावर गेल्यावर चढतो.

हळद आणि बीटचे व्हिडिओ सध्या फार फिरतायत. मला ते बघून वाईट वाटतं, कारण लोक मेहनतीने टेबल रंगवतात आणि खिडकीजवळचं ऊन लागून तो रंग उडून जातो. हळद शेल्फच्या आतल्या बाजूला लावा, पुढच्या फळीला नको.

शेवटी वरून संरक्षण हवंच. शेंगदाण्याचं तेल चोळू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं. चपडीचं (लाखेचं) पॉलिश घ्या. फक्त दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा पाऊस उघडून कोरडी हवा पडेल त्या दिवशीच हात मारा.