पाणी तापलं, मासा जगला; पण पिल्लांचं काय?

नमस्कार मंडळी! मागे नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी दिसतंय, मे महिना आहे आणि टोपी घालूनही डोकं तापलंय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारानं विचारलंय, "माझ्या शेततळ्यातले रोहू, कटला उन्हाळ्यात मरत नाहीत, खाद्यही खातात. मग पाणी तापलं म्हणून एवढी ओरड कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला दिसतो तो मोठा मासा. फटका बसतो अंड्याला, आणि अंडी पोटात असलेल्या मादीला.

२०२० साली जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी माशांच्या जवळजवळ ७०० जातींची माहिती तपासली. विणीला आलेले मासे आणि अंड्यातले गर्भ यांना सोसणारा तापमानाचा पट्टा इतर वेळच्या मोठ्या माशांपेक्षा बराच अरुंद निघाला. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तर साधारण १० टक्के जातींची वीण धोक्यात येते. ती ५ अंशांवर गेली, तर ६० टक्क्यांपर्यंत!

असं का? संशोधकांच्या मते, ऑक्सिजनमुळे. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात. नाशिक ६०० मीटर उंचीवर, म्हणजे इथे त्याहून थोडा कमीच. आणि पाणी तापलं की शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. मोठा मासा कल्ले जोरात हलवतो, वर येऊन तोंड मारतो, खोल गार पाण्यात जातो. अंड्याला ना कल्ले, ना पर. पातळ आवरणातून झिरपेल तेवढाच ऑक्सिजन त्याच्या वाट्याला. वाढ झपाट्यानं होते, अंडं लवकर फुटतं, पण बहुतेकदा पिल्लू लहान निघतं आणि सोबतची बलकाची शिदोरीही लवकर संपते.

आता आईकडे या. मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन सुटतं, ते यकृताला सांगतं की बलकाचं प्रथिन तयार कर, आणि ते रक्तातून अंड्यात भरलं जातं. फार उष्णतेत ही साखळी ढिली पडते. सॅमन माशात हे नीट तपासलंय: अंडी लहान, फलन कमी. काही जातींत तर पिल्लू नर होणार की मादी, हेही तापमानानं बदलतं. नाईल तिलापियाची कोवळी पिल्लं ३६ अंशांच्या आसपास ठेवली तर नरांचं प्रमाण वाढतं. तिलापिया पाळणाऱ्याला हे ऐकून बरंच वाटेल, नर लवकर वाढतो ना! पण नदीतल्या कळपात माद्याच कमी झाल्या तर पुढच्या वर्षी अंडी कोण घालणार?

आपल्या रोहू-कटल्याची गंमत वेगळी आहे. उन्हाळ्यात पाणी तापतं, दिवस मोठा होतो, तशी मादी भरत जाते. पण अंडी सोडायला तिला पावसाचं नवं, वाहतं पाणी लागतं. म्हणून तर इगतपुरीकडे पहिल्या पावसात चढणीच्या माशांसाठी लोक ओढ्यावर धावतात. (ते मासे अंडी घालायलाच निघालेले असतात, हे पकडताना कुणाच्या लक्षात येत नाही, असो.) आता उष्णता लवकर आली आणि पाऊस लांबला, तर? मादी तयार, पाणी नाही. पिकलेली अंडी मग पोटातच जिरतात.

बंगालच्या हॅचरींमध्ये, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांमध्ये, याची दुसरी बाजू दिसली. पूर्वी तिथे पावसाळ्यात होणारं कार्प माशांचं (रोहू, कटला वगैरेंचं) प्रजनन आता मार्च-एप्रिलपासूनच करता येतं, असं केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेनं नोंदवलंय. हॅचरीवाल्याचं काम होतं, कारण तो पावसाची वाट बघत नाही, माशाला संप्रेरकाचं (हार्मोनचं) इंजेक्शन देतो. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी हे तंत्र यशस्वी केलं, त्यावर आपल्या धरणांत सोडली जाणारी बहुतेक बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, उभी आहेत. त्यामुळे तलावातला रोहू एकवेळ टिकेल. गोदावरी आणि दारणेतल्या गावठी माशांना कुणी इंजेक्शन देत नाही, त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

मासे जुळवून घेतील, असंही काहीजण म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळातल्या एका माशात दोन पिढ्या गरम पाण्यात वाढवल्यावर पिल्लांची ऑक्सिजन वापरायची क्षमता सुधारलेली दिसली. तो प्रयोग मात्र टाक्यांमधला होता, आणि तिथे ना दुष्काळ होता, ना धरणातून सुटणारं पाण्याचं आवर्तन.

शेततळेवाल्यांसाठी एवढंच: मे महिन्यात तळं खोल राहील एवढं पाणी शिल्लक ठेवा. बोटुकली भर दुपारी सोडू नका, सकाळी लवकर सोडा, आणि सोडण्याआधी त्यांची पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. ऑक्सिजन पहाटे सर्वात कमी असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद करा आणि पंप चालू करा.