नोस्फेराटूची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

‘नोस्फेराटू’ हा एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा जर्मन मूकपट १९२२ सालचा. त्यावरून वेर्नर हेर्झोग यांनी १९७९मध्ये आणि अमेरिकेच्या रॉबर्ट एगर्स यांनी २०२४मध्ये पुन्हा चित्रपट केले. गोष्ट तीच. रक्त पिणारा एक सरदार जहाजाने गावात येतो, त्याच्यामागे उंदीर आणि प्लेग येतात, आणि एक बाई त्याला पहाटेपर्यंत आपल्यापाशी थोपवून धरते. ऊन आलं की तो संपतो. म्हणून या गोष्टीत रात्र ही रात्रच वाटायला हवी. ती फसली, तर शेवटाला अर्थच उरत नाही. आज बोलायचंय ते या रात्रीबद्दल.

मुर्नाऊंचा चित्रपट बेतलेला आहे ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर. त्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. उन्हात त्याची शक्ती घटते, जीव जात नाही. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर हे मुर्नाऊंच्या चित्रपटाचं देणं. पंचाईत अशी, की तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि मंद उजेडही पुरत नसे. खऱ्या रात्री तिच्यावर फारसं काही उमटलंच नसतं. त्यामुळे बाहेरची रात्र चित्रित झाली भर दिवसा.

मग अंधार कुठून आणला? रंगाच्या टाकीतून! काळ्यापांढऱ्या प्रिंटचे, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रतीचे, तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवायचे, धुवायचे, वाळवायचे. रात्रीचे तुकडे निळसर हिरवे, दिव्याच्या उजेडातले पिवळे, पहाटेचे गुलाबी. नंतर ते क्रमाने जोडायचे. प्रत्येक नव्या प्रिंटसाठी हा सगळा खटाटोप पुन्हा, कारण ज्यावरून प्रिंट काढतात त्या मूळ निगेटिव्हवर रंगाचा मागमूस नसतो.

घोटाळा झाला तो इथेच. कादंबरीची परवानगी घेतलेली नव्हती. स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या. त्यांच्यावरून पुढे साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर नकला निघाल्या आणि त्यांत रंग गळून पडला. अशी नक्कल पाहणाऱ्याला सरदार स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात गावातून चाललेला दिसतो. मग हाच माणूस शेवटी उन्हाने कसा मेला, असा प्रश्न पडणारच. चूक मुर्नाऊंची नाही, नकलेची आहे.

दुसरी खोट वेगाची. पुनर्संचयित, म्हणजे वाचलेल्या प्रतींवरून पुन्हा उभी केलेली आवृत्ती सेकंदाला १८ चौकटींनी (सुट्या चित्रांनी) चालते आणि ९४ मिनिटांची आहे. तीच २४ चौकटींनी पळवली तर साधारण ७० मिनिटांत आटोपते आणि भयाच्या जागी हसू येतं. म्हणून पाहण्याआधी लांबी तपासा, आणि रात्री निळसर दिसतात का तेही पाहा. जंगलातल्या घोडागाडीचा एक शॉट मात्र मुद्दाम निगेटिव्हमध्ये आहे: झाडं पांढरी, आकाश काळं. तो प्रिंटचा दोष समजू नका. गाडीही मुद्दामच भरधाव पळते. कॅमेऱ्याचा दांडा हळू फिरवून चित्रण केलं, की पडद्यावर वेग वाढतो.

हेर्झोग यांच्या हाती रंगीत फिल्म होती. मूळ चित्रणातलं विस्मार शहर तेव्हा पूर्व जर्मनीत, म्हणून त्यांनी नेदरलँड्समधलं डेल्फ्ट घेतलं. उंदीर पांढरे मिळाले, ते राखाडी रंगवले. त्यांची रात्र उभी आहे ती सरदार झालेल्या क्लाउस किन्स्की यांच्या चेहऱ्यावर: अंगावर काळे कपडे, भोवती काळोख, आणि त्यातून पुढे येणारं पांढरंफटक टक्कल. शेवट मला फार मोलाचा वाटतो. सरदार मरतो, पण त्याची बाधा झालेला त्या बाईचा नवरा दिवसाच्या उजेडात वाळूवरून घोडा दामटत निघून जातो. मुर्नाऊंनी घातलेला नियम इथे मोडला.

एगर्स यांनी आणि छायालेखक जारिन ब्लाश्के यांनी प्रश्न पुन्हा मुळापासून सोडवला. चांदण्यात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, लाल रंग काळा दिसू लागतो. म्हणून ३५ मिमी फिल्मवर चांदण्याची दृश्यं घेताना त्यांनी लाल-पिवळा उजेड अडवणारा फिल्टर लावला. याची किंमतही चुकवावी लागते. फिल्टर उजेड खातो, म्हणून दिवे जास्त जोराचे लागतात. लाल कापड काळं पडतं, त्वचेवरचे डाग उठून दिसतात, तेव्हा कपडे आणि रंगभूषा फिल्टरमधूनच तपासावी लागते. मेणबत्तीची ज्योतही मंदावते, त्यामुळे एकाच शॉटमध्ये चांदणं आणि ज्योत दोन्ही नीट सांभाळणं फार अवघड.

हा चित्रपट घरी पाहणार असाल, तर टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा. तो सावल्या उजळतो आणि काळ्याचा करडा करून टाकतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा. समोरची ट्यूबलाइट विझवा, हवा तर टीव्हीच्या मागे एक लहान दिवा असू द्या. आणि सरदाराच्या किल्ल्याकडे नीट लक्ष द्या. चेक प्रजासत्ताकात, मोराव्हियातला पेर्नश्टेन किल्ला हेर्झोग यांच्या चित्रपटात आहे आणि एगर्स यांच्याही. तोच दगड दोन वेगळ्या रात्रींत कसा दिसतो, ते दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की कळेल.