महिन्याचं तेल

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्याखालून डबा ओढला जातो.)

पाच लिटरचा डबा आणि शेजारी एक लिटरची पिशवी. नागपुरातल्या पाच माणसांच्या एका घरातलं हे महिन्याचं तेल. माणशी रोज 40 मिलिलिटर, म्हणजे साधारण 36 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 सालच्या सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहेत. तुपाची बरणी अजून आपण उघडलेलीच नाही. बाहेरच्या समोशांचं आणि पोह्यांवरच्या तर्रीचं तेल तर या डब्याच्या हिशेबात येतही नाही.

हे घर डॉक्टरांकडे गेलं ते दुसऱ्याच कारणाने. दहा वर्षांच्या मुलाच्या मानेवर काळपट पट्टा उमटला होता. मळ समजून आजी तो रोज घासत होत्या. घासून जाणारा तो मळ नव्हता. वजन फार वाढून शरीरात इन्सुलिनचं काम नीट चालत नसलं की कातडी अशी जाड, काळसर होऊ शकते.

मुलाचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही, घरच्यांची तशी अट होती. लठ्ठपणाची बातमी म्हटली की गळ्याखालची पोटं तेवढी दाखवायची, ही टीव्हीवरची खोडही आम्ही उचललेली नाही. कॅमेरा ताटांवर आणि हातांवर राहील.

(दृश्य: वाढीचा तक्ता, पेनाचं टोक.)

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2015 सालचा हा तक्ता. आडवं वय, उभा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. वरच्या दोन रेघा पाहा: पहिली अतिवजनाची, दुसरी लठ्ठपणाची. मोठ्या माणसाच्या 23 आणि 27 बीएमआयशी त्या जुळवल्या आहेत, कारण आपल्याकडे मधुमेह त्याहून जास्त वजनाची वाट बघत नाही. पेनाचा ठिपका दुसऱ्या रेघेच्या जरा वर पडला. डॉक्टरांनी 'वजन उतरवा' असं म्हटलं नाही. पोरगा वाढतोय, उंची चढू द्या, वजन आहे तिथे थोपवा, म्हणाले. फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात साठलेली चरबी, रक्तदाब, टाइप 2 मधुमेह हे पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

आणि आहाराचा कागद मुलाच्या हातात न देता टेबलाच्या मधोमध ठेवला. आईने विचारलं, "हे याचं एकट्याचं ना?" उत्तर आलं, "एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांचं."

(दृश्य: धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क. सिग्नल, सायकलवरची मुलं.)

या विचाराचं मूळ अमेरिकेत, पिट्सबर्गला सापडतं. लेनर्ड एपस्टाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खाण्याचे पदार्थ सिग्नलच्या रंगांत वाटले. हिरवे पोटभर, पिवळे बेताने, लाल क्वचित. सहा ते बारा वर्षांची लठ्ठ मुलं आणि त्यांचे पालक घेऊन त्यांनी तीन गट केले. आहाराची, व्यायामाची माहिती तिन्ही गटांना सारखीच. फरक एवढाच, की एका गटात आईवडील आणि मूल दोघांनीही सवयी बदलायच्या आणि दोघांनाही त्याची शाबासकी. दुसऱ्यात फक्त मुलाला. तिसऱ्यात वजनाशी संबंध न ठेवता नुसत्या हजेरीला.

मग त्यांनी वाट पाहिली. दहा वर्षं. तोवर ती मुलं कॉलेजच्या वयाला आली. 1990 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. पालकांसह बदललेल्या मुलांची अतिवजनाची टक्केवारी सुरुवातीपेक्षा 7.5 अंकांनी कमी होती, हजेरीवाल्यांची 14.3 अंकांनी वाढलेली. पुढे 1998 मध्ये इस्रायलच्या मोरिया गोलान यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी एका गटात मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईवडिलांना शिकवलं. एकट्या मुलांना शिकवलेल्या गटापेक्षा ही न आलेली मुलं सरस ठरली.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 2023 पासून सांगते, की कुटुंबाला समोर बसवून तीन ते बारा महिन्यांत किमान 26 तास द्या. आपल्या भरलेल्या ओपीडीत 26 मिनिटं मिळाली तरी नशीब. तेव्हा बाकीचे तास घरालाच काढावे लागतात.

(दृश्य: आजींचे हात. डब्यातून बाटलीत तेल.)

या घरात ते आजींनी काढले. सुरुवातीला त्यांचाच विरोध होता. "वाढतं लेकरू आहे, खाऊ दे न त्याले!" आहारतज्ज्ञ बाईंनी वाद घातला नाही. "आजी, तेल तुम्हीच मोजा," एवढंच म्हणाल्या. पाच माणसं, सात दिवस, माणशी 27 ग्रॅम. हिशेब जवळपास एक लिटरवर येतो. म्हणून दर सोमवारी एक बाटली भरायची, डब्याला झाकण लावायचं, आणि बाटली संपली की सोमवारपर्यंत तेल नाही.

पहिली बाटली गुरुवारीच आडवी झाली. शुक्रवारी कढीगोळे. वाटलेल्या डाळीचे गोळे उकळत्या कढीत सोडायचे, तळणीचा प्रश्नच नाही. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आपसूक परत आली. अडलं ते गोळाभातावर. गोळाभात म्हणजे वरून कढलेल्या तेलाची धार हवीच, नाहीतर तो आमच्या वऱ्हाडा-नागपूरकडचा गोळाभात कसला? आजींनी तोडगा काढला. धार राहिली, पण ती पोह्याच्या चमच्याने पडते आणि तेलाचं पातेलं आत स्वयंपाकघरातच राहतं. हा चमचा आम्ही पुन्हा पुन्हा टिपला, आणि संकलनात कापायला मन धजलं नाही.

मुलाला वेगळं काही रांधलेलं नाही. त्याच्या ताटात भाकर आणि बाकीच्यांच्या ताटात पुऱ्या, याला पथ्य म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. काय करायचं, केव्हा आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते त्याने. "अजून एक घे" बंद, "पुरे कर" हेही बंद. पाहुण्यांसमोर "जाड्या" म्हणणाऱ्या काकांनाही समज दिली गेली.

(दृश्य: फ्रिजचं दार.)

फ्रिजच्या दारात आता मठ्ठा आहे. कोल्ड्रिंकची पाव लिटरची बाटली म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास साखर. बाटली घरात नसली की रोज नाही म्हणायची वेळही येत नाही.

(दृश्य: सेमिनरी हिल्सचा चढ. बापलेक, पाठमोरे.)

जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीचा खेळ सांगते. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना नागपुरात ते कधी करायचं, हे तिने सांगितलेलं नाही. इथे सूर्य कलल्यावरच बाहेर पडता येतं. आधी ही मंडळी फुटाळा तलावावर जायची, पण तिथलं फिरणं भुट्टा, पाणीपुरी आणि आइस्क्रीम करत गाडीपाशी संपायचं. म्हणून आता टेकडीकडे.

(दृश्य: शाळेचं फाटक, सुट्टीची घंटा, कढई.)

तेल, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. ही कढई आतली की बाहेरची, हे मोजायला आमच्याकडे टेप नव्हता. समोसे मात्र गरम होते.

(दृश्य: आजी, कानाला फोन.)

ठिपका सध्या दोन रेघांच्या मधे आला आहे. पुढच्या आठवड्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते, मुलगा मामाकडे अमरावतीला जाणार. आजींचा विहीणबाईंना फोन चालू आहे: "आंब्याचा रस करा न, कोण नाही म्हणते! पण वरून साखर नका घालू. अन् रोज पुऱ्या नका तळू. हो, मामालेही सांगा."