वहीतला प्रश्न

(दृश्य : सकाळचं धुकं, नाशिकहून सुरगाण्याकडे जाणारी एसटी)

दिंडोरी मागे पडते, वणी मागे पडते. रस्ता डोंगरात शिरतो आणि कानावर पडणारी बोली बदलते. इथल्या कितीतरी घरांत कोकणा बोलतात. कोकण किनाऱ्यावरची कोकणी वेगळी, ही सह्याद्रीच्या या अंगाची, गुजरातेतल्या डांगाला लागून असलेली बोली.

(दृश्य : आश्रमशाळेचा वर्ग)

तिसरीतला एक मुलगा मराठीचा धडा वाचतोय. अडखळतोय. मागच्या बाकावर बसलेली समुपदेशक वहीत लिहिते : 'याला वाचनाची अडचण आहे, की ही याच्या घरची भाषाच नाही?'

हा प्रश्न लहान नाही. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीचं, निदान झालं तर दहावीला जादा वेळ मिळतो. निदान हुकलं तर मूल वर्षानुवर्षं 'ढ' म्हणून मागे बसतं. आणि चुकीचं निदान झालं तर भाषेचा प्रश्न मुलाच्या माथी आजार म्हणून मारला जातो.

मग चाचणी घ्यावी. पण कोणती? आजही वापरात असलेली बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. मोठं काम होतं ते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनातल्या अडचणी ओळखण्यासाठी 'डाली' ही साधनं तयार केली, ती सुरुवातीला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. कोकणा त्यात नव्हती.

म्हणजे उत्तर शोधावंच लागणार. आणि ते एकटीच्या आवाक्यातलं नाही. एका शाळेतली चाळीस मुलं पुरत नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इथल्या शाळा हव्यात, संख्याशास्त्र जाणणारं माणूस हवं, बोली समजणारे शिक्षक हवेत, एसटीच्या तिकिटापासून छपाईपर्यंत पैसा हवा.

शालेय मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेचं काम इथे सुरू होतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

या शास्त्राची सुरुवातच मुळी शिक्षिकेच्या प्रश्नातून झाली. 1896 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने शुद्धलेखन न जमणारा मुलगा आणला. तपासल्यावर त्याच्या डोळ्यांतही दोष निघाला. पुढे तिथे संघटना उभ्या राहिल्या. शालेय मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी असलेली तिथली एक सोसायटी स्वतःचं संशोधन नियतकालिक चालवते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी अनुदान देते, नव्याने उभ्या राहणाऱ्या संशोधकांना वेगळं अनुदान देते आणि त्यांची ज्येष्ठांशी गाठ घालून देते. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पैसा एकदाच मिळतो, पण 'हा नमुना अपुरा आहे, आधी वीस मुलांवर करून बघ' असं सांगणारं माणूस जन्मभर पुरतं.

(दृश्य : शाळेच्या ओसरीवर बसलेले पालक)

आणखी एक काम, फारसं न दिसणारं. मुलांवर संशोधन करायचं तर पालकांची संमती लागते, मुलाचीही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा होकार तोंडी, 12 ते 18 पर्यंत लेखी. द्राक्षबागेत मजुरीला गेलेल्या आईपर्यंत तो कागद कसा न्यायचा, तिला तिच्या बोलीत काय सांगायचं, मूल 'नको' म्हणालं तर थांबायचं कसं, हे एकेकट्या समुपदेशकाने दरवेळी नव्याने शोधायचं नसतं. संघटनेकडे आधीच्या दहा जणांचा अनुभव लिहून ठेवलेला असला, तर अकराव्याचं पाऊल नेमकं पडतं.

आपल्या नाशिकमध्ये मानसशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, आदिवासी विकास आयुक्तालयही इथेच आहे. महाविद्यालयाच्या वर्गातून सुरगाण्याच्या वर्गापर्यंत प्रश्न नेणारी आणि उत्तर परत आणणारी वाट मात्र बांधावी लागेल.

(दृश्य : पुन्हा तोच वर्ग, मधली सुट्टी)

समुपदेशक त्या मुलाजवळ जाऊन बसते. पुस्तक मिटते. 'आता हीच गोष्ट तुझ्या आजीला सांगतोस तशी सांग.'

तो कोकणा बोलीत बोलू लागतो. हातवारे करत, न थांबता. ती घड्याळ बघते आणि वहीत वेळ टिपून घेते.