सत्तर प्रश्न, एकशे दहा मिनिटं

नमस्कार मंडळी! मागच्या रविवारी कार्यक्रम संपला आणि घरी पोचते न पोचते तोच एका काकूंचा फोन. त्यांची मुलगी इथेच अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, मे महिन्यात केमिस्ट्रीची फायनल, आणि ती फायनल म्हणे एसीएसची. काकूंचा प्रश्न एकच, "अगं, जुने पेपर कुठे मिळतील?" मी म्हटलं, काकू, मिळत नाहीत. त्यांना बहुतेक वाटलं की मी मुद्दाम सांगत नाहीये 😄 म्हणून आज सगळ्यांसाठीच बोलते.

तर एसीएस म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटी. त्यांचे हे पेपर १९३४ पासून निघतायत. होतं काय, की प्रोफेसर स्वतः पेपर काढण्याऐवजी हा तयार पेपर मागवतात, देशभरातल्या कॉलेजांत तोच पेपर वापरतात, म्हणून आपलं पोरगं बाकीच्यांच्या तुलनेत कुठे आहे ते पर्सेंटाइलमध्ये कळतं. आणि तोच पेपर पुढेही वापरायचा असतो, म्हणून परीक्षा झाली की प्रश्नपत्रिका मोजून परत घेतात, तिच्यावर पेन्सिलीची रेघसुद्धा मारायची नाही, आकडेमोड वेगळ्या कागदावर आणि तो कागदही परत. आता आपण वाढलो अपेक्षित प्रश्नसंच आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर यांच्यावर, आपल्याला हे पचायला जड जातं. मिळते ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच एक स्टडी गाईड, ती मात्र जरूर घ्या, त्यातले प्रश्न खऱ्या पेपरच्या वळणाचेच असतात.

वर्षभराच्या जनरल केमिस्ट्रीचा पेपर म्हणजे ७० प्रश्न, ११० मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय. म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट. आणि चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. हे वाक्य मी दोनदा सांगणार आहे कारण माझी स्वतःची वाट इथेच लागली होती.

मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा नर्सिंगला जायचं ठरवलं, त्याआधी इथली केमिस्ट्री करावी लागते, आणि मी सांगलीत दोन वर्षं बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केलेला. बँकेच्या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग, त्यामुळे खात्री नसेल तर गोल काळा करायचा नाही हे हाताला इतकं बसलेलं की एसीएसच्या पेपरात मी नऊ प्रश्न रिकामे सोडून आले. सूचना वाचल्याच नव्हत्या ना! त्यातच एका बफरच्या प्रश्नावर दहा मिनिटं घालवली, मी म्हटलं आता हा सोडवल्याशिवाय उठत नाही. बाहेर आल्यावर शेजारची मुलगी म्हणाली की उरलेल्या सगळ्यांना तिने 'सी' मारलं, तेव्हा मला घाम फुटला. तर परत सांगते, मार्क कापत नाहीत, एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

आता पर्यायांबद्दल, खरी गंमत तिथे आहे. साधा प्रश्न घेऊया, कागद-पेन्सिल घ्या हवं तर. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन एकत्र जाळले तर पाणी किती ग्रॅम होईल? पर्याय ९, १८, २०, ३६. (मोल म्हणजे कण मोजायचं माप; हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅम, ऑक्सिजनचा ३२, पाण्याचा १८.) ज्याने नुसती बेरीज केली त्याला २० दिसतो आणि तो खूश. ज्याने हायड्रोजनवरून हिशोब केला, २ मोल हायड्रोजन म्हणजे २ मोल पाणी, त्याला ३६ दिसतो, तोही खूश. ज्याने ऑक्सिजन अर्धा मोल आहे हे बरोबर काढलं पण एका ऑक्सिजनमागे दोन पाणी होतात हे विसरला, त्याच्यासाठी ९ ठेवलेलाच आहे. ऑक्सिजन आधी संपतो, अर्ध्या मोलपासून १ मोल पाणी, उत्तर १८, दोन ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. म्हणजे आपलं उत्तर पर्यायात सापडलं म्हणून ते बरोबर, असं इथे अजिबात नाही. कारण चुकीचे पर्याय पोरं नेहमी ज्या चुका करतात त्यांच्यावरूनच बेतलेले असतात. म्हणून सराव करताना नुसतं बरोबर उत्तर बघून पान उलटू नका, बाकीचे तीन आकडे कोणत्या घोटाळ्यातून आले ते शोधा. माझ्याकडे ट्युटरिंगला येणाऱ्या पोरांना मी हेच करायला लावते, आधी कंटाळतात, मग त्यांना त्यात मजा यायला लागते.

पाठांतर फार नाहीये. आवर्तसारणी देतात, सूत्रं आणि स्थिरांकही देतात. पण कोणत्या आयनवर किती विद्युतभार, म्हणजे नायट्रेटवर उणे एक, सल्फेटवर उणे दोन, फॉस्फेटवर उणे तीन, हे कोणी देत नाही. काय पाण्यात विरघळतं आणि काय खाली बसतं तेही नाही. ते फ्रिजवर चिकटवा आणि चहा उकळेपर्यंत म्हणा.

कॅल्क्युलेटरचं मात्र नीट ऐका. पोरं वर्षभर तो मोठा ग्राफिंगवाला वापरतात, आणि परीक्षेला प्रोग्रॅम होणारा कॅल्क्युलेटर सहसा चालत नाही, मग आदल्या रात्री दुकानातून साधा आणायचा आणि सकाळी त्याची बटणं शोधत बसायचं. दोन आठवडे आधी आणा हो! माझ्याकडचा एक मुलगा १० चा उणे १४ वा घात भागिले १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, असं जसं लिहिलंय तसं दाबत गेला. त्या बिचाऱ्या मशीनने १.८ ने भागलं आणि पुढच्याने गुणलं. उत्तर यायला हवं होतं ५.६ गुणिले १० चा उणे १० वा घात, आलं उणे २० वा. कंस टाका नाहीतर घाताचं वेगळं बटण असतं ते वापरा. त्याला केमिस्ट्री सगळी येत होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आणि आईबाबांनो, ७० पैकी ४५ आले म्हणून तोंड पाडू नका. ४५ कडे नुसतं टक्क्यांत बघून काही कळत नाही, बाकीच्या देशाला किती पडले ते बघायचं असतं, आणि त्यावरून ग्रेड कशी द्यायची ते प्रोफेसर ठरवतात. सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं, मुलांना विचारा.

वेळ संपत आली, जाता जाता एक प्रश्न देते, याला कॅल्क्युलेटर लागत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्याने इतकं पातळ केलं की त्याचं प्रमाण लिटरला १० चा उणे ८ वा घात, एवढेच मोल राहिलं. पीएच किती? पटकन ८ म्हणाल. पण ८ म्हणजे सातच्या वर, म्हणजे बेस झाला, आणि ॲसिडमध्ये नुसतं पाणी ओतून त्याचा बेस कसा होईल? पाण्याचे स्वतःचेही हायड्रोजन आयन असतात हं. पुढच्या रविवारी फोन करून उत्तर सांगा, त्या काकूंची मुलगी पण ऐकत असेल तर तिने आधी करावा.